सीन ४१, नेलकटर आणि अण्णांचा अंगठा

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या ३८व्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर एका दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाची नखं कापत बसलो होतो. नारायण पेठेतला जुना वाडा, पहिला मजला, साउंडसाठी पंखे बंद, खिडकीतलं ऊन साडेअकरापर्यंतच टिकणार म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. त्या दिवशी काय झालं ते इथे नीट सगळं लिहून ठेवतोय, कारण एकांकिकावाल्या पोरांच्या वर्कशॉपला गेलो की दर वेळी कुणीतरी विचारतंच, सर, स्वतःचं दुःख सीनमध्ये वापरायचं का, आणि दर वेळी मी काहीतरी अर्धवट उत्तर देऊन पुढे सरकतो. ते मला बरं वाटत नाही. त्यापेक्षा हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा.

मी पुण्याचाच, सदाशिव पेठेत वाढलो, कॉलेजात असताना ३ वर्षं पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा केली, भरत नाट्य मंदिराच्या विंगेत एंट्रीआधी पोटात जो गोळा यायचा तो आजही येतो. मग प्रायोगिक नाटकं, मग मालिका. मालिका म्हणजे ठाण्याला घोडबंदर रोडचे सेट, महिन्यातले २०-२२ दिवस तिकडेच, शिवनेरी बसने ये-जा, घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली. हा सिनेमा आला तेव्हा एक मालिका संपली होती आणि दुसरीची बोलणी चालू होती, पैसे अर्थातच मालिकेत कितीतरी जास्त. बायको म्हणाली, ६ महिने निघतील आपले, तू सिनेमा कर. तिने हिशोब करून सांगितलं होतं, उगाच मोठेपणा म्हणून नाही, त्यामुळे मीही हो म्हटलं.

सिनेमा छोटा. २२ दिवसांचं शूट, दोन शेड्यूलमध्ये, ९ दिवस गणपतीनंतर आणि १३ दिवस दिवाळीनंतर. गोष्ट एका म्हाताऱ्या टेलरची आणि त्याची सेवा करायला परत घरी आलेल्या मुलाची, मुलगा मी. सीन ४१ स्क्रिप्टमध्ये दोन ओळींचा होता : मुलगा बापाची नखं कापतो. कापता कापता त्याला रडू कोसळतं. वाचनाच्या वेळी मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, म्हटलं हा सीन आपला आहे.

आता अण्णा. ते छापखान्यात जुळारी होते. नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पूर्वी अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून हाताने जुळवायचे, उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या चौकटीत, उभा करायचा, आणि पडू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा. दिवसभर, वर्षानुवर्षं. त्यामुळे अण्णांच्या डाव्या अंगठ्याचं नख जाड झालेलं, मधोमध एक उभी खाच आणि कडेला काळसर. पुढे डीटीपी आलं, खिळे गेले, अण्णा प्रूफं तपासायला लागले, पण अंगठा तसाच राहिला.

पहिलं शेड्यूल संपलं आणि दोनच दिवसांनी ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला. ११ दिवस हॉस्पिटलात. त्यातल्या सातव्या की आठव्या दिवशी ऑक्सिजनचं ते बोटाला लावायचं क्लिप नीट रीडिंग दाखवेना, सिस्टर म्हणाली नखं खूप वाढलीत काकांची, कापून टाका जरा. मी खालच्या मेडिकलमधून नेलकटर आणलं. ९ बोटं झाली. डावा अंगठा नेलकटरमध्ये शिरेचना. मग वॉर्डबॉयकडून स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं आणि त्यांचा अंगठा त्यात बुडवून धरून बसलो, १०-१५ मिनिटं असेल, नख मऊ पडेपर्यंत. अण्णांनी डोळे उघडले, हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक वाक्य बोलले. मग परत झोपले. नंतर बोलले ते सगळं तापातलं, धड लागत नव्हतं, म्हणजे शुद्धीतलं म्हणावं असं ते शेवटचंच.

आणि हे मला लिहिलंच पाहिजे, की त्या वाटीपाशी बसलेलो असताना माझ्या डोक्यातला एक कोपरा नोंदी करत होता. अंगठा असा धरायचा, पाणी असं सांडतं, नेलकटर आडवं नाही तिरकं घालायचं. सीन ४१. मी तो कोपरा बंद करायचा प्रयत्न केला, झाला नाही. नटांना हे माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही. कितीतरी रात्री मला त्याची लाज वाटली. आज तेवढी वाटत नाही, कारण बघणं हा आमच्या कामाचा भाग आहे आणि कामाची सवय दवाखान्याच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. पण बघणं वेगळं आणि जे बघितलं ते वापरणं वेगळं, माझ्या हातून घोळ झाला तो या दुसऱ्यात.

अण्णा गेले, वैकुंठ स्मशानभूमीत सगळं झालं, आणि दहाव्याला केसांचा प्रश्न आला. दादाने केस काढले. माझे ९ दिवस शूट झालेले, १३ बाकी, केस काढले तर कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या शॉटशी जुळणं, गेली. निर्मात्याचा फोन आला होता, बिचारा काही मागत नव्हता, फक्त म्हणाला तुम्ही म्हणाल तसं, विग बघू. पण छोट्या बजेटमधला विग क्लोजअपमध्ये कळतो हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, बापासाठी एवढं पण नाही का रे. मी गप्प. तेव्हा आई आतून बोलली, अर्धं प्रूफ टाकून हे कधी जेवायला उठले नाहीत, याचंही अर्धंच झालंय, राहू दे त्याचे केस. विषय संपला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ज्यांना चुकीचा वाटतो त्यांचंही मला समजतं.

त्या वर्षी दिवाळी केली नाही. पाडवा-भाऊबीज झाल्यावर दुसरं शेड्यूल लागलं.

सीन ४१ चौथ्या दिवशी होता. आदल्या रात्री दिग्दर्शकाचा फोन आला. माझ्यापेक्षा ९-१० वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो, माणूस फार चांगला आहे हे मुद्दाम सांगतो कारण पुढचं वाचून कुणी त्याला व्हिलन ठरवू नये. तो म्हणाला, दादा, उद्याच्या सीनला ग्लिसरीन वगैरे काही नकोय मला. तुझ्याकडे आत्ता जे आहे ना ते परत मिळणार नाही. तू फक्त अण्णांना आठव, बाकी कॅमेरा बघून घेईल.

मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, मला ते पटलं होतं, आतून असंही वाटलं की अण्णांना हे एक प्रकारे अर्पण होईल. माझी चूक इथे झाली, दुसऱ्या दिवशी सेटवर नाही.

बापाचं काम करणारे काका ७४ वर्षांचे, बँकेत नोकरी करून हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलेले. हात गोरे, मऊ, नखं पातळ. त्यांनी मुद्दाम ३ आठवडे नखं कापली नव्हती, सीनसाठी. रोल साउंड, रोल कॅमेरा, क्लॅप. पहिल्या टेकला नेलकटर उघडायच्या आधीच माझे डोळे भरले, दुखत नाही ना हा माझा संवाद गिळला गेला, साउंडवाला म्हणाला नुसती हुंदक्याची हवा आलीय, शब्द नाही. दुसरा टेक, मी करंगळीपासून सुरुवात केली, आधी वाइड शॉटमध्ये अंगठ्यापासून केली होती, कंटिन्युइटी गेली. तिसऱ्या टेकला मी खरोखर तिथे नव्हतो. मी हॉस्पिटलात होतो, वाटी होती, अण्णांचा अंगठा होता, मी रडत होतो आणि कापत होतो. कट ऐकू आला तो दिग्दर्शकाचा नाही, काकांचा. त्यांच्या तर्जनीचं कातडं मी नखाबरोबर कापलं होतं. रक्त धोतरावर पडलेलं. ते कळल्यावर आधी ॲक्टरसारखे गप्प बसले होते, टेक खराब होऊ नये म्हणून, मग मी त्याच बोटावर परत नेलकटर लावलं तेव्हा त्यांना ओरडावं लागलं.

मेकअप दादाने डेटॉल लावलं, बँडेड लावलं, दिग्दर्शकाने लंच लवकर सोडला. युनिटमध्ये कुणी माझ्याशी बोलेना, म्हणजे वाईट हेतूने नाही, सगळ्यांना वाटत होतं मी काहीतरी मोठं केलंय. स्पॉटच्या मुलाने येऊन पाठीवर हात ठेवला. आणि मी मात्र आतून गार पडलो होतो. काका ताट घेऊन शेजारी येऊन बसले, बँडेडवाल्या बोटाने पोळी मोडायला त्यांना जमत नव्हतं. म्हणाले, "तू माझ्याकडे बघतच नव्हतास रे. मी होतो ना तिथे."

एवढंच बोलले. हे वाक्य मी वर्कशॉपला दर वेळी सांगतो, त्याच्या मागची गोष्ट मात्र आज पहिल्यांदा सांगतोय.

दिग्दर्शकाने तो सीन दोन दिवस पुढे ढकलला. लोकेशनचं भाडं वाढलं, निर्माता काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मी आमच्या नाटकाच्या एका जुन्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, पुण्यात डॉक्टर नटांची कमी नाही, डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ ला ते सोडून पूर्णवेळ नाटकात आले, डॉ. आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, मग ही साधी गोष्ट तुम्हा लोकांना त्यांच्याकडून कळू नये? सर्जन स्वतःच्या माणसावर शक्यतो सुरी चालवत नाही. हात थरथरतो म्हणून. तू आज काय केलंस?

मग त्यांनी जे समजावलं त्यातलं थोडं आधी वाचलेलं होतं पण तेव्हा अंगाला लागलं नव्हतं. अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग नटांना इमोशनल मेमरी शिकवायचा, म्हणजे स्वतःची जुनी आठवण जागी करून भावना आणायची. तर त्याचासुद्धा आग्रह असायचा की आठवण निदान ७ वर्षं जुनी हवी, ताजी घ्यायची नाही. मूळ कल्पना जिथून आली तो रशियन दिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्की स्वतः तर शेवटच्या वर्षांत, १९३०च्या दशकात, भावना आठवणं सोडून कृतीकडे वळला, की पात्र आत्ता हाताने नेमकं काय करतंय ते खरं करा, भावना मागून येते. आणि आपल्याकडे नाट्यशास्त्रात भरतमुनीने अश्रूंना ८ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातून शरीरावर उमटणाऱ्या भावांत, धरलंय, घाम, रोमांच, कंप, स्वरभंग यांच्याच पंगतीत, आणि ते सत्त्व येतं कशातून तर समाहित मनातून, म्हणजे एकाग्र, एका जागी आलेल्या मनातून. माझं मन त्या दिवशी वाड्यात एक आणि हॉस्पिटलात एक असं दोन ठिकाणी होतं. एकाग्र कुठलं.

सर एक आणखी म्हणाले ते मला फार आवडलं. प्रभातचा १९३६चा संत तुकाराम परत बघ, म्हणाले, फक्त आवलीकडे बघ, गौरी नावाच्या बाईंनी केलंय ते काम. म्हैस, पोरं, भांडीकुंडी, त्या बाईचे हात एक मिनिट रिकामे नाहीत आणि तरी तिला काय वाटतंय ते सगळं दिसतं. हे लॉ कॉलेज रोडवर घडलंय, आत्ता जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, आणि तुम्ही न्यूयॉर्कला शोधता.

रात्री मी दिग्दर्शकाला फोन केला. तासभर बोललो, सुरुवातीला तो नाराज होता, त्याला वाटत होतं मी घाबरून मागे येतोय. मी म्हटलं मला रडतो हा शब्दच स्क्रिप्टमधून काढून हवाय. मला एक अडचण दे, म्हटलं, रडायचा हुकूम नको. नख जाड आहे, नेलकटरमध्ये जात नाही, ही अडचण. मग मुलगा कोमट पाणी आणतो, वाटीत बोट धरतो, वाट बघतो. टेलरचा अंगठा, सुई दाबून दाबून जाड झालेला, हे गोष्टीतही बसत होतं. तो लगेच उठून बसला, मला फोनवरच कळलं.

म्हणजे वाटी मी दिली. अण्णांची वाटी सिनेमात गेली. यावर मी खूप विचार केलाय आणि मला ते योग्य वाटतं, कारण ती एक रीत होती, कुणाच्याही जाड नखाला लागू पडणारी, ती दिली म्हणून अण्णांचं काही कमी झालं नाही. दिग्दर्शकाने विचारलं, अजून काही आहे का दादा, म्हणजे ते काही बोलले होते का तेव्हा? मी नाही म्हटलं. खोटं बोललो. ते वाक्य मी त्याला दिलं नाही, घरी कुणाला सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाहीये.

दोन दिवसांनी मेकअपवाल्याने काकांच्या अंगठ्यावर लेटेक्सचा थर देऊन नख जाड केलं, बँडेडचं बोट फ्रेमबाहेर राहील असा हात ठेवला. मी काकांना टेकच्या आधी विचारलं, दुखतंय का अजून, ते म्हणाले नाही, आणि हेच पुढे सीनमधलं एकमेव वाक्य झालं. बाकी सगळे संवाद काढले. ८५ मिलिमीटरची, जवळून दाखवणारी लेन्स, दोनच टेक. त्यात मी फक्त एकच काम केलं, काकांना न लागता ते नख कापायचं. एकदा लागलेलं असल्यामुळे ती भीती खरी होती, नाटकी करावी लागली नाही. डोळ्यात पाणी आलं नाही. दुसऱ्या टेकमध्ये कुठेतरी माझा श्वास अडकला असं साउंडवाला म्हणाला, मला माहीत नव्हतं.

एडिटला बसलो तेव्हा एडिटरने दोन्ही दिवसांचं मटेरियल शेजारी शेजारी लावलं. पहिल्या दिवसाच्या टेक ३ मध्ये एक माणूस रडतोय. खरं रडतोय, पण ते बघताना आपण बाहेरच राहतो, लग्नघरात कुणी अनोळखी माणूस रडताना बघावा तसं होतं, नजर खाली घालावीशी वाटते. दुसऱ्या दिवसाच्या टेकमध्ये वाटी, पाणी, अंगठा, माझा जवळजवळ कोरा चेहरा. एडिटर फिल्म इन्स्टिट्यूटचा, तो म्हणाला हे सगळ्यात जुनं आहे, सुमारे १०० वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्हने एकाच नटाचा एकच कोरा चेहरा एकदा सूपच्या वाटीशेजारी लावला, एकदा शवपेटीशेजारी, आणि लोकांना त्याच चेहऱ्यात भूकही दिसली आणि दुःखही. तुमचा चेहरा रिकामा आहे म्हणून बघणाऱ्याला आत यायला जागा आहे, भरलेला असता तर तो दारातच थांबला असता. पुढे २५-३० लोकांना रफ कट दाखवला तेव्हा त्या सीनला खोलीत जी शांतता झाली ती मी नाटकात फार थोड्या वेळा अनुभवलीय.

इथपर्यंत वाचून वाटेल, म्हणजे शेवटी सगळं नीट झालं. सिनेमापुरतं झालं. घरी नाही. शूट संपल्यावर महिना दीड महिन्याने बायको म्हणाली, तू अण्णांबद्दल बोलायचंच सोडलंस, सगळं तिकडेच देऊन आलास का? मी तेव्हा चिडलो. नंतर लक्षात आलं की ती बरोबर बोलतेय, त्या तीन टेकमध्ये मी जे उपसलं ते भरून यायला वेळ मिळालाच नव्हता, आणि वर मी सगळ्यांना सांगत होतो मी ठीक आहे. मी काही महिने एका समुपदेशक बाईंकडे जात होतो. त्याचा उपयोग झाला, हे लिहायला मला अजिबात संकोच नाही आणि नटांनी हे उघड बोलावं असं मला मनापासून वाटतं. ॲक्शन सीनला फाइट मास्टर असतो, कुणाला लागू नये म्हणून. घरात नुकतंच कुणी गेलेल्या नटाकडून असा सीन करून घेताना युनिटमध्ये एकही माणूस नसतो ज्याचं काम आता थांब म्हणणं हे आहे. त्या दिवशी ते काकांच्या बोटाने केलं.

वर्कशॉपच्या पोरांना आता मी सरळ सांगतो, ताजं काही झालं असेल तर दिग्दर्शकाला आधी सांगा आणि तो सीन पुढे ढकलता येतो का विचारा, नाहीच ढकलता आला तर भावना नको, काम मागा, हाताला काहीतरी अवघड काम. आणि समोरच्या माणसाकडे बघा, त्याचा हात तुमच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाही. अण्णांचा हात आठवायचा म्हटलं की आता मला काकांचा हात दिसतो, गोरा, मऊ, तर्जनीला बँडेड. मी डोळे मिटून त्या अंगठ्याची खाच आठवायचा प्रयत्न करतो, तिथे लेटेक्सचं नख येतं. जुना फोटो काढून बघितला, त्यात अण्णांचे हात खिशात आहेत. वाक्य तेवढं जसंच्या तसं आहे, त्यांच्याच आवाजात, शेवटच्या शब्दाला थोडा खोकला.